चाचणीच्या दिवशी दुखणं लपवणारी मुलं: कॅडेट पथकात फिटनेस टेस्ट घ्यावी कशी?

स्टॉपवॉच

नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि जरा लांबच लिहिणार आहे.

गेली ९ वर्षं मी एका कॅडेट पथकात सुट्टीच्या दिवशी शिकवायला जातो. मुलं-मुली १२ ते १८ वयाची. वर्षातून दोनदा फिटनेस टेस्ट होते: १६०० मीटर धाव, पुश-अप, सिट-अप आणि बसून पुढे वाकण्याची लवचिकतेची चाचणी. ती पास झाल्याशिवाय पुढची रँक मिळत नाही आणि शिबिराच्या यादीत नाव जात नाही.

दीड महिन्यापूर्वी अशीच टेस्ट झाली. त्यात एक १४ वर्षांचा मुलगा होता. वर्षभरात इतका उंच झालाय की गणवेशाची पँट घोट्याच्या चार बोटं वर राहते. दुसऱ्या फेरीत तो उजवा पाय बाहेर फेकत धावायला लागला. मला ते दिसलं. स्पष्ट दिसलं. आणि मी ओरडलो, "शाब्बास, सोडू नकोस, दोनच राहिल्या!"

११ सेकंद राखून तो पास झाला. रेषा ओलांडून जो बसला तो उठेचना. बूट काढला, मोजा काढला, तर मोज्याखाली क्रेप बँडेज. नडगीच्या आतल्या कडेला एक जागा अशी होती की बोट लावताच त्याने पाय झटक्याने ओढून घेतला. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडलेली भेग.

नंतर कळलं की तीन आठवडे दुखत होतं. घरातल्या औषधांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी घेऊन तो परेडला यायचा. मी विचारलं, "बाळा, मला सांगितलं का नाहीस?" म्हणाला, "सर, टेस्ट राहिली असती तर शिबिर गेलं असतं."

आमच्याकडे टेस्ट न दिलेल्याच्या नावापुढे "अनुत्तीर्ण" लिहितात. ताप असो की पाय प्लास्टरमध्ये असो, रकाना एकच. नियम मी केलेला नाही, पण ९ वर्षं तो रकाना मी माझ्या हाताने भरलाय.

टेस्ट असावी की नसावी हा माझा प्रश्नच नाही. असावी. पण मुलं न मोडता ती घ्यायची कशी? ज्यांनी हे काम केलंय, ज्यांची मुलं यातून गेलीत, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

सांधेजोड

सर, आधी मुलगा कसा आहे ते सांगा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान वयाचे खेळाडू रोज बघते.

तुम्ही "एक जागा" लिहिलंत, तिथेच सगळं आलं. पथकात प्रत्येकाला माहीत असावी अशी एक गोष्ट सांगते. मुलाला म्हणा, "कुठे दुखतं ते दाखव." त्याने नडगीवरून अख्खा तळवा वर-खाली फिरवला तर बहुतेक वेळा ते शिन स्प्लिंट असतं, म्हणजे हाडाच्या कडेला ओढ बसून लांबवर पसरलेलं दुखणं. त्याने एका बोटाने नेमकी जागा दाखवली, तिथे दाबल्यावर तो कळवळला, किंवा त्या पायावर एक उडी मारताना चेहरा बदलला, तर धावणं तिथेच थांबवायचं. पुढचं डॉक्टर बघतील. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही.

हे दुखणं सैन्याइतकंच जुनं आहे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्ये कूच करून पाय सुजलेल्या सैनिकांचं वर्णन लिहून ठेवलं. हाडाला भेग असते हे मात्र एक्स-रे आल्यावर, १८९७ मध्ये दिसलं. "मार्च फ्रॅक्चर" हे नाव तिथूनच आलं.

होतं कसं तेही थोडक्यात सांगते. हाडावर नवा भार आला की शरीर ते हाड नव्याने बांधायला घेतं. त्यासाठी आधी जुना भाग खणून काढतं आणि मग भरतं. खणणं पटकन होतं, भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे नवीन धावणं सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि मुलाला मात्र वाटत असतं की आता दम वाढलाय, अजून जोर लावू. धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. १६०० मीटरला मुलाची हजारावर पावलं पडतात. आता सांगा, तुमची मुलं टेस्टच्या किती दिवस आधी धावायला लागतात?

---

स्टॉपवॉच

ताई, मुलगा बरा आहे. कुबड्या सुटल्या, आता वॉकिंग बूट आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटते. तारीख जाहीर झाली की. म्हणजे तीन आठवडे, फार तर चार.

---

रांगेत_पुढे

मुलाला लवकर बरं वाटो. हे मनापासून लिहितोय, कारण पुढचं कदाचित कोणाला आवडणार नाही.

मी २२ वर्षं मुलांना ड्रिल शिकवलंय. हळूहळू काय होतं ते डोळ्यांनी बघितलंय. आधी दुखापतीची सूट येते, मग डोकेदुखीची, मग परीक्षा जवळ आल्याची. टेस्ट कागदावर उरते. आणि एक दिवस शिबिरात पाठीवर पिट्टू घेऊन चढ लागतो आणि निम्मी मुलं धापा टाकत खाली बसतात. ज्या मुलाला १० मिनिटं धावता येत नाही तोच पहिल्यांदा जखमी होतो, हे मी पाहिलंय. टेस्टमुळे निदान कळतं तरी, कोण कच्चा आहे.

दुसरं म्हणजे प्रत्येक दुखण्याला थांबवायचं असेल तर मुलं दुखणं आणि दमणं यातला फरक कधी शिकणार? दम लागला, पोटरी भरून आली, पाय जड झाले, तरी शेवटची फेरी पूर्ण करणं हे कॅडेटचं शिक्षणच आहे.

स्टॉपवॉच, तुम्ही ओरडलात ते चुकीचं नव्हतं. तुम्हाला दिसलं ते ओळखता आलं नाही, एवढंच.

---

दोनमुलांचीआई

काका, तुमचा मान ठेवून लिहिते. "ओळखता आलं नाही एवढंच" हे वाचताना आईला सहन होत नाही हो.

माझा धाकटा १३ वर्षांचा आहे, पथकात जातो. तीन महिने टाच दुखते म्हणत होता. मी म्हणायचे, बूट नवीन आहेत, होईल सवय. तोही मग गप्प झाला. परेडहून आला की अंघोळीला जाताना चवड्यावर चालायचा, टाच टेकवायचाच नाही. ते माझ्या किती उशिरा लक्षात आलं! डॉक्टरांनी सांगितलं की टाचेच्या हाडाचा वाढता भाग सुजलाय, सीव्हरचा आजार म्हणतात. त्यातून बरा होईल, पण उड्या आणि धावणं कमी करायला हवं.

पथकात चिठ्ठी दिली. तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग टेस्ट देणार की नाही?" तो म्हणाला, "देणार." घरी आल्यावर रडला. आता मी काय करू?

---

डॉक्टर_रात्रपाळी

मी अस्थिरोग विभागात काम करतो. आधी या ताईंना: चिठ्ठीवर "व्यायाम बंद" एवढंच लिहिलेलं असेल तर परत जा आणि काय बंद, काय चालू, किती दिवस, हे लिहून घ्या. "उड्या आणि धाव ४ आठवडे बंद. ड्रिल, पुश-अप, लवचिकतेचा व्यायाम चालू. अमुक तारखेला पुन्हा तपासणी." अशी चिठ्ठी असली की मुलगा पथकात राहतो, आणि प्रशिक्षकालाही त्याला काय द्यायचं ते कळतं. आम्ही डॉक्टर इथे फार आळस करतो. दोन शब्द लिहून मोकळे होतो आणि मूल महिनाभर मैदानाच्या कडेला बसून राहतं.

आता स्टॉपवॉच, तुम्ही लिहिलंत की तो पाय बाहेर फेकत धावत होता. ते वाचून मला आधी नडगी आठवलीच नाही, खुबा आठवला. या वयात मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या चकतीवरून (हाड जिथून वाढतं ती मऊ कुर्चेची पट्टी) घसरू शकतो. मूल लंगडतं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं, आणि तक्रार मात्र बऱ्याचदा गुडघ्याची किंवा मांडीची करतं. सगळे गुडघा चोळत बसतात, गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो आणि दिवस जातात. ही तातडीची गोष्ट आहे. अशा मुलाला त्या पायावर एक पाऊलही चालू न देता त्याच दिवशी खुब्याचे एक्स-रे काढायचे असतात, कारण गोळा आणखी घसरला तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि सांधा आयुष्यभरासाठी जातो. कृपा करून हे सगळ्या प्रशिक्षकांना सांगा: १० ते १६ वयातलं मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल, तर खुबा तपासल्याशिवाय त्याला पळवायचं नाही.

याउलट गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा येतो, तो बऱ्याच मुलांना येतो. ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं होतं. तो त्रास देतो, पण धोकादायक नसतो. भार कमी-जास्त करून पुढे जाता येतं. "दुखतंय" हा शब्द एकच, पण त्यामागे इतक्या वेगळ्या गोष्टी असतात. म्हणून सरसकट थांबवणं चूक आणि सरसकट पळवणंही चूक.

रांगेत_पुढे सर, दमणं आणि दुखणं यातला फरक शिकवायलाच हवा, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी मुलांना असं सांगतो: दम दोन्ही पायांत सारखा लागतो आणि थांबलं की उतरतो. एकाच बाजूला, एकाच जागी, थांबल्यावरही किंवा रात्री झोपेतही जाणवतं, ते दुखणं.

---

मैदानमास्तर

डॉक्टर, शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवतो.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. वाढीबद्दल थोडं लिहितो, कारण टेस्टचे तक्ते सगळीकडे वयावर चालतात आणि मुलांची शरीरं तशी चालत नाहीत. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींना साधारण १२व्या वर्षी आणि मुलांना १४व्या वर्षी येतो, पण कोणाला दोन वर्षं आधी, कोणाला दोन वर्षं नंतर. त्या वर्षात मुलगा ९-१० सेंटीमीटरही वाढतो. आणि उंची आधी वाढते, हाडात खनिज भरायचं काम मागून येतं. मधला जो काळ असतो त्यात हाड लांब झालेलं असतं पण भरलेलं नसतं. स्नायू ताणलेले असतात, धावण्याची ढबही बिघडते. कालपर्यंत चपळ असलेलं पोर अडखळायला लागतं आणि आपण म्हणतो, हा आळशी झाला.

मी एकच करतो. दर तीन महिन्यांनी भिंतीपाशी उभं करून उंची मोजतो आणि वहीत लिहितो. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या वर गेली की त्या मुलाच्या नावापुढे टिंब. टिंब असेपर्यंत उड्या आणि वेगाच्या फेऱ्या निम्म्या, तोल आणि ताकदीचे व्यायाम जास्त. यासाठी खर्च काही नाही, एक टेप आणि एक वही पुरते.

स्टॉपवॉच, तुमच्या त्या आखूड पँटला माझ्याकडे टिंब मिळालं असतं.

टेस्टच्या प्रकाराबद्दल: १६०० मीटरऐवजी २० मीटरची शटल रन घेता येते, बीप टेस्ट, म्हणजे बीपच्या तालावर दोन रेषांमध्ये ये-जा धावणं. लुक लेजे यांची, १९८०च्या दशकातली. ताशी ८.५ किलोमीटरने सुरू होते आणि दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वेग वाढतो, म्हणजे पहिली काही मिनिटं आपोआप वॉर्म-अप होतो. १६०० मीटरला पोरं शिट्टी वाजताच जीव तोडून सुटतात, ते इथे होत नाही. पण प्रत्येक २० मीटरला थांबून वळावं लागतं, त्याचा भार घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. निसरड्या फरशीवर किंवा ड्रिलच्या बुटांत घेऊ नका.

---

पहाटधाव

मी लिहू की नको असा विचार करत होते.

मी माजी कॅडेट. १६ वर्षांची असताना पथकातली सर्वांत वेगवान मुलगी होते. टेस्टच्या दिवशी वजन करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. लिहिणारा लांब बसलेला असायचा, म्हणून मोठ्याने. मागच्या रांगेत मुलं उभी असायची. एका सहामाहीत माझा आकडा तीन किलोंनी वाढला आणि मागून कोणीतरी हसलं. त्या संध्याकाळपासून मी अर्धं जेवायला लागले. धावणं वाढवलं. सुरुवातीला वेळ सुधारली, सगळ्यांनी कौतुक केलं. पाच महिने पाळी आली नाही, मला वाटलं फिट मुलींचं असंच होतं. आईलाही सांगितलं नाही. मग पावलाच्या हाडात फ्रॅक्चर. सहा महिन्यांनी दुसऱ्या पावलात.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला. पथकात चार वर्षांत तो मला कोणीच विचारला नव्हता. शरीराला खर्चाएवढं खाणं मिळालं नाही की ते एकेक खातं बंद करत जातं: आधी पाळी, मग हाडं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने याला रेड-एस असं नाव दिलं. मुलग्यांनाही होतं, पण त्यांच्यात पाळीसारखी खूण नसल्याने कळायला आणखी उशीर होतो.

स्टॉपवॉच सर, वजन करायचंच असेल तर आडोशाला करा आणि आकडा त्या मुलाशिवाय कोणाला ऐकू जाऊ देऊ नका. आणि मुलींशी बोलायला एक बाई असू दे. तीन महिने पाळी नाही म्हणजे डॉक्टर, हे त्यांना आधीच माहीत असू दे.

---

सांधेजोड

पहाटधाव, लिहिलंस ते फार बरं केलंस. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना तुझी गोष्ट नाव न घेता सांगितली तर चालेल का?

---

पहाटधाव

चालेल ताई. सांगाच.

---

डॉक्टर_रात्रपाळी

रांगेत_पुढे सरांच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण तो टाळण्यासारखा नाही. दम कमी असलेल्यांना दुखापती जास्त होतात, हे लष्करी भरतीच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. म्हणजे टेस्ट बंद करून कोणी सुरक्षित होत नाही.

पण त्याच अभ्यासांतली दुसरी बाजूही आहे. अमेरिकेच्या मरीन या सैन्यदलाच्या नव्या भरतीत धावण्याचं एकूण अंतर बरंच कमी करून बघितलं तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर खूप घटले आणि शेवटच्या धाव-चाचणीच्या वेळेत फरक फार थोडा पडला. इस्रायली पायदळाच्या प्रशिक्षणात किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि कूच कमी केली, तिथेही फ्रॅक्चर उतरले. ही मोठी, निवडलेली माणसं होती. आपली मुलं वाढीच्या वयातली आहेत, त्यांना आठ ते दहा तास झोप लागते. शिबिरात पहाटे चारला उठवून सहाला टेस्ट घेतात, ते मला कधीच समजलेलं नाही.

शिक्षा म्हणून शेकड्यांनी पुश-अप किंवा उठाबशा काढायला लावणं पूर्ण बंद करा. स्नायू फुटून त्यातला मळ मूत्रपिंडात अडकतो. दुसऱ्या दिवशी लघवी गडद तपकिरी झाली तर थेट रुग्णालय.

---

मैदानमास्तर

आणि ऊन. धावेची वेळ ठरवताना नुसतं तापमान बघू नका, दमटपणा जास्त मारतो. डब्ल्यूबीजीटी नावाचं माप त्यासाठीच निघालं, १९५०च्या दशकात मरीनच्याच प्रशिक्षण तळावरच्या उष्माघातांमुळे. त्यात ७० टक्के वजन ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीला आणि फक्त १० टक्के साध्या हवेच्या तापमानाला आहे. यावरूनच काय ते समजा. धावताना मूल असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर आधी जागेवर थंड पाण्यात बुडवून गार करायचं आणि मग हलवायचं. पाणी आणि बर्फ मैदानावर हवं, दोन किलोमीटरवरच्या खोलीत नको.

---

रांगेत_पुढे

दोन दिवस विचार करत होतो.

पहाटधाव, आमच्याकडेही वजन मोठ्यानेच वाचायचे. मी स्वतः वाचलंय, कित्येक वर्षं. त्यातल्या किती मुली घरी जाऊन जेवल्या नसतील, हे आज पहिल्यांदा मनात आलं. तुझी माफी मागायचा मला हक्क नाही, पण मागतो.

मरीनचं डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं. अंतर कमी करून वेळ तीच येत असेल तर जास्त पळवण्यात शहाणपण नाही. पण दुखापत झालेल्याला धावेऐवजी दुसरी टेस्ट द्यावी, हे मला अजून पटत नाही. पायाला लागलंय म्हणून कोणी धावेऐवजी प्लँक (कोपरांवर अंग ताठ धरून राहायचा व्यायाम) दिला आणि त्यावर रँक मिळवली, तर पूर्ण धाव देणाऱ्या मुलाने काय समजायचं?

---

मैदानमास्तर

सर, त्यासाठी आधी ठरवावं लागेल की टेस्ट कशासाठी आहे. निवडीसाठी की आरोग्यासाठी?

अमेरिकेत शाळांमध्ये कित्येक दशकं राष्ट्राध्यक्षांच्या नावाची फिटनेस टेस्ट होती. तिचा पुरस्कार देशातल्या वरच्या १५ टक्क्यांत येणाऱ्याला. म्हणजे १०० तली ८५ मुलं ठरवूनच मागे. २०१२-१३ नंतर ती बंद करून फिटनेसग्रामची पद्धत आणली. तिथे दुसऱ्या मुलाशी तुलना नाही, त्या वयात आरोग्यासाठी किमान किती हवं तो पट्टा ठरलेला असतो. पट्ट्यात आलास, झालं. २०२५ मध्ये जुनी टेस्ट परत आणण्याचा आदेश निघाला, म्हणजे वाद तिथेही मिटलेला नाही.

माझं मत असं की १३ वर्षांच्या कॅडेटची पहिली रँक ही निवड नाही. तिथे पट्टा पुरे. १७-१८ व्या वर्षी एखाद्या खडतर शिबिराची निवड असेल तर तिथे तुमचा निकष बरोबर आहे, ज्याला धावता येतं तोच जाईल. आणि चाचणीचे प्रकार काही दगडावर कोरलेले नाहीत. १९८० पासून चाललेली पुश-अप, सिट-अप आणि दोन मैल धाव ही टेस्ट अमेरिकी लष्करानेच २०२२ मध्ये बदलली, सिट-अप जाऊन प्लँक आला. आपण मात्र १२ वर्षांच्या पोराचे पाय दाबून धरून मिनिटात किती सिट-अप काढतो ते मोजतोय. निम्मी पोरं डोक्यामागे हात बांधून मान ओढतात.

---

दोनमुलांचीआई

डॉक्टर, नवीन चिठ्ठी आणली, तुम्ही सांगितलं तशीच. चालू काय, बंद काय, तारीख. सरांना एकटीने भेटून दिली. या वेळी ते नीट बोलले. म्हणाले, आधीच्या चिठ्ठीवरून काही कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर विचारलं. धाकट्याला ड्रिलची मोजणी दिलीय. पण टेस्टच्या रकान्यात काय लिहिणार, ते त्यांनाही माहीत नाही.

---

स्टॉपवॉच

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. पथकाची बैठक व्हायची होती.

इथलं सगळं छापून नेलं होतं. वाद झाला, खूप झाला. एक जण म्हणाले, सूट दिली की रांग लागेल. मी म्हटलं, एकदा सहा महिने करून बघू, रांग लागली तर मी स्वतः नियम मागे घ्यायला सांगेन.

ठरलं ते असं. "अनुत्तीर्ण" हा रकाना ज्याने टेस्ट दिली आणि झाली नाही त्याच्यापुरताच. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे त्याच्यापुढे "तात्पुरती सूट" आणि पुढची तारीख. मागची टेस्ट पास असेल तर तो निकाल सहा महिने चालेल, म्हणजे शिबिर जाणार नाही. टेस्ट एका दिवसाऐवजी चार आठवड्यांत कधीही देता येईल, आणि त्याआधी आठ आठवडे आठवड्यातून तीनदा घरी करायचा चाला-धावा असा तक्ता. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, एवढंच. सांधेजोड ताईंनी तो तपासून दिला, त्यांचे उपकार. धावायला ड्रिलचे बूट नाहीत, स्वतःचे धावायचे जोडे. वजन पडद्यामागे, मुलींचं एक बाई करणार. रांगेत_पुढे सरांचं एक जसंच्या तसं घेतलंय: १६ वर्षांवरच्यांच्या खडतर शिबिराला सूट चालणार नाही, धाव द्यावीच लागेल, पण ती चार आठवड्यांत कधीही.

गेल्या रविवारी या पद्धतीची पहिली तपासणी घेतली. आधी नेहमीसारखं रांगेत उभं करून विचारलं, "कोणाला काही दुखतंय?" ३१ जणांतून एकही हात वर आला नाही. मग एकेकाला झाडाखाली बोलावलं, रांगेकडे पाठ करून बसवलं आणि तेच विचारलं. "बोटाने दाखव." सहा जणांनी दाखवलं. चौघांची पोटरी भरून आलेली, त्यांना धावू दिलं. एकाचा ऑसगुडवाला उंचवटा. आणि एक मुलगी, १३ वर्षांची, गुडघा दाखवत होती. तिला उभं केलं तर डावं पाऊल किंचित बाहेर वळलेलं. मी तिला परत बसवलं, चालू दिलं नाही आणि तिच्या वडिलांना फोन केला. संध्याकाळी त्यांचा निरोप आला. खुबाच होता, अगदी थोडा घसरलेला. दुसऱ्या दिवशी स्क्रू बसवला.

डॉक्टर, तुम्ही त्या रात्री ते लिहिलं नसतं तर मी तिलाही ओरडून पळवलं असतं.

तो फ्रॅक्चरवाला मुलगा त्या दिवशी मैदानावर होता. स्टॉपवॉच त्याच्या हातात दिलं होतं. तिसऱ्या फेरीत एक लहानगा पोटरी धरून वेडावाकडा पळत होता, तर मी काही म्हणायच्या आत हा रेषेवरून ओरडला, "ए, थांब. कुठे दुखतंय ते दाखव आधी." नंतर नोंदवहीत स्वतःच्या नावापुढे "तात्पुरती सूट" आणि पुढची तारीख त्याने स्वतःच लिहिली. अक्षर फार छान आहे त्याचं, मला माहीतच नव्हतं.

---

डॉक्टर_रात्रपाळी

त्या मुलीच्या दुसऱ्या खुब्यावरही लक्ष ठेवायला सांगा. दोन्ही बाजूंना होऊ शकतं. उजव्या बाजूला काहीही दुखलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

---

रांगेत_पुढे

स्टॉपवॉच, तो नोंदीचा तक्ता आणि आठ आठवड्यांचा कागद मला पाठवा. आमच्या जुन्या पथकात आता माझा विद्यार्थी शिकवतो. उद्या सकाळी मी स्वतः घेऊन जातो.